क्रमांक पुन्हा एकपासून

पट्टीकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. बायको 'अहो' म्हणायची, लेक 'बाबा' म्हणायची, आणि बाकी सगळ्यांचे ते पट्टीकाका. गावाच्या टोकाला, बंद पडलेल्या वीटभट्टीच्या पलीकडे एक तळं होतं. त्याला सगळे मागचं तळं म्हणत. त्या तळ्यात एका लाकडी खांबाला फूट-इंचांच्या खुणा असलेली लोखंडी पट्टी ठोकलेली होती. रोज सकाळी सात वाजता जाऊन पाणी पट्टीवर कुठवर आलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं, ही काकांची पाणी खात्यातली नोकरी. चौतीस वर्षं ते हेच करत होते.

यात काय मोठं, असं कुणाला वाटलं तर त्याने एकदा सलग चौतीस दिवस करून बघावं. काका तापात गेले होते, वादळात गेले होते, आणि लेकीच्या लग्नाच्या दिवशीही नवे कपडे घालून आधी तळ्यावर गेले होते. व्याही मंडळी ताटकळत उभी होती. प्रत्येक नोंदीला एक क्रमांक असतो आणि तो पुढे पुढे चालत राहतो. एखाद्या तळ्यावरची पट्टी हलवली, तर मात्र तीन सह्यांचा फॉर्म भरायचा, जुनी वही बंद करायची आणि नोंद पुन्हा एकपासून सुरू करायची. खात्याकडे साठ-सत्तर तळी होती. सगळीकडचे क्रमांक कधी ना कधी एकवर आले होते. काकांचा तेवढा बारा हजारांच्या पुढे गेला होता, आणि वहीत एकही खाडाखोड नव्हती. प्रशिक्षणाच्या खोलीत काचेच्या कपाटात त्यांची एक वही उघडी करून ठेवली होती, आणि पाहुणे आले की मोठे साहेब त्यांना आधी त्या कपाटाकडे नेत. काका अशा वेळी दाराशी उभे राहून छताकडे बघत. माणूस नाकासमोर चालणारा खरा, पण आपली स्तुती चालू आहे हे त्याला नाकासमोरूनही दिसत होतं.

थंडी सरत आली होती तेव्हा नवे नियम आले.

जुना कायदा एका ओळीचा होता. नैसर्गिकरीत्या पाणी साठतं ती प्रत्येक जागा राखीव, तिथे भर घालायची नाही. ऐकायला छान. पण त्यामुळे झालं असं की कागदावर सगळंच राखीव आणि प्रत्यक्षात कशाचीच राखण नाही. चार बेडकांचं डबकं आणि शंभर एकरांचं तळं एकाच माळेचे मणी. राखायला माणसं मात्र तेवढीच. नव्या नियमांनी दोन याद्या करायच्या ठरवल्या. ज्या तळ्यात गेली दहा वर्षं बाराही महिने पाणी होतं ते बारमाही, त्याला आधीपेक्षा कडक संरक्षण, कुंपण, राखणदार, सगळं. जे मध्ये कोरडं पडतं ते हंगामी, ती जमीन इतर कामासाठी मोकळी. आणि पाणी होतं की नव्हतं हे ठरवायचं खात्याच्याच नोंदीवरून. म्हटलं तर शहाणपणाचा नियम होता. ज्यांनी तो केला त्यांना एवढंच ठाऊक नव्हतं की नोंद माणसं करतात.

मसुदा यादी फलकावर लागली त्या दिवशी काका सहज बघायला गेले. बारमाही यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. मागचं तळं दुसऱ्या यादीत होतं. शेरा होता: 'दरवर्षी सुमारे सत्तर दिवस कोरडे. नोंद उत्कृष्ट, शंकेस जागा नाही.' त्याखाली जमीन मंडळाने आधीच टीप जोडली होती की ही जागा गोदामांसाठी योग्य आहे. हरकतींसाठी तीस दिवस होते. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण मागचं तळं कधीच कोरडं पडत नव्हतं. आणि ते जगात फक्त काकांना माहीत होतं, कारण भट्टी बंद पडल्यापासून तिकडे दुसरं कुणी फिरकत नव्हतं.

चौदा वर्षांपूर्वीपर्यंत पट्टी तळ्याच्या खोल बाजूला, लव्हाळ्यांपाशी होती. तिथवर शेवाळलेल्या फळ्यांची एक वाट टाकलेली होती, आणि तिच्यावर गुडघे टेकून वाकल्याशिवाय आकडा दिसत नसे. त्याच लव्हाळ्यांत टिबुकल्या घरटी करत. टिबुकली म्हणजे मुठीएवढा पाणपक्षी. तिचं घरटं पाण्यावर तरंगतं. माणसाची चाहूल लागली की ती चोचीने ओली पानं ओढून अंडी झाकते आणि बुडी मारते. काकांची पावलं फळ्यांवर वाजली की रोज सकाळी हीच धांदल. काका आकडा बघेपर्यंत ती पलीकडे डोकं वर काढून त्यांच्याकडे बघत राहायची. एका वर्षी अंडी झाकलेलीच राहिली. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी काकांनी पान बाजूला करून अंड्याला बोट लावलं तर ते थंडगार होतं. त्यांच्या पावलांना घाबरून गेलेली टिबुकली परत आलीच नव्हती. त्यांना फार वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी घरटी बांधायच्या आधीच त्यांनी खांब उपटला आणि अलीकडच्या काठाला, पायऱ्यांपाशी आणून ठोकला. फळ्यांची वाट मोडून टाकली. कुणाला सांगितलं नाही, फॉर्म भरला नाही. पायऱ्यांपाशी तळ उंच होता, त्यामुळे उन्हाळ्यात तिथलं पाणी पलीकडे सरकायचं आणि पट्टी उघडी पडायची. काका नियमाला जागणारे. पट्टीवर पाणी नसेल तर 'कोरडे' लिहायचं, असा नियम होता. त्यांनी लिहिलं, कोरडे. समोर शंभर पावलांवर टिबुकल्या पिल्लांना पाठीवर घेऊन पोहत असायच्या आणि काका सुवाच्य अक्षरात लिहायचे, कोरडे. वर्षाला सत्तर दिवस, चौदा वर्षं. ज्या पक्ष्यांसाठी पट्टी हलवली त्यांचंच तळं आता त्या पट्टीने बुडवलं होतं.

खाई त्याला खवखवे म्हणतात. काकांना त्या आठवड्यात नुसतं खवखवत नव्हतं, पाणी पिताना ठसका लागत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांनी स्वतःला समजावून पाहिलं. आठ महिन्यांनी निवृत्ती. आपण काही बोललो नाही तर वही कपाटात राहील, साहेब भाषण करतील, आणि तळ्यावर गोदामं होतील ती नियमानेच होतील, आपल्यामुळे थोडीच? पण हे समजावणं दुपारपर्यंतच टिकायचं. सकाळी सात वाजता तळ्यावर गेलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बायको घरीच शिवणकाम करायची. मशीन खिडकीशी होतं, आणि काकूंचे कान पाय चालवतानाही शाबूत असायचे. शेवटी एका संध्याकाळी काका तिच्यासमोर स्टुलावर बसले आणि म्हणाले की एक गोष्ट सांगायची आहे. काकूंनी मशीन थांबवलं नाही. काकांनी सगळं सांगितलं, अंड्यापासून फलकापर्यंत. सांगून झाल्यावर मान खाली घालून बसले.

"पट्टी हलवलीत ते मला माहीत आहे," काकू दोरा तोडत म्हणाल्या.

काकांनी मान वर केली. त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"वीस वर्षं तुमच्या पँटी गुडघ्यापर्यंत शेवाळ्याने माखून यायच्या. घासून घासून माझे हात गेले. मग एका वर्षी एकदम कोरड्या यायला लागल्या. मला वाटलं, सांगतील कधीतरी. चौदा वर्षं वाट बघतेय."

काकांना हसावं की रडावं कळेना. खात्यातल्या तीन साहेबांना, दोन तपासनिसांना आणि दर वर्षी येणाऱ्या प्रशिक्षणार्थींना जे कळलं नाही, ते या बाईने धुण्याच्या बादलीत ओळखलं होतं. त्यांनी विचारलं, मग आता काय करू? काकू म्हणाल्या की मला काय विचारता, तुम्ही ठरवूनच स्टुलावर बसला आहात. आणि त्यांनी पुन्हा मशीन सुरू केलं. ते खरंच होतं, त्यामुळे काकांना त्या रात्री झोप लागली.

दुसऱ्या दिवशी ते यादीच्या टेबलाकडे गेले. याद्या करण्यासाठी खात्याने एक तरुण बाई नेमल्या होत्या. हुशार, बोलायला मऊ, आणि टेबलावर कागद इतके की त्यांच्यामागून फक्त चष्मा दिसायचा. सगळे त्यांना यादीवाल्या बाई म्हणत. काका दिसले की त्या उठून उभ्या राहत, कारण प्रशिक्षणात त्या काकांच्या वहीवरच शिकल्या होत्या. आजही उठल्या. काकांनी त्यांना आधी बसायला लावलं, कारण हे उभ्याने ऐकण्यासारखं नव्हतं.

बाईंनी सगळं ऐकलं. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"काका, मागच्या तळ्याची पाणीपातळी त्या वर्षी एकाएकी का खाली गेली, यावर मी परीक्षेत चार पानांचा निबंध लिहिलाय."

काकांना माहीत नव्हतं, पण हा प्रश्न दर वर्षी यायचा. आलेखात रेघ वीस वर्षं सरळ चालते आणि मग एका उन्हाळ्यात धाडकन खाली येते. तज्ज्ञांनी त्यावर तीन मतं मांडली होती. एकाने भूगर्भातले झरे आटल्याचं सिद्ध केलं होतं, दुसऱ्याने वीटभट्टीला दोष दिला होता. तिसरे जरा नेमस्त होते, ते म्हणाले होते की अधिक अभ्यासाची गरज आहे. पट्टी उचलून शंभर पावलं अलीकडे ठोकली असेल, हे मत कुणाचंच नव्हतं. बाईंनी विचारलं नाही, पण काकांनी अंदाजाने सांगितलं की निबंध चांगलाच असेल. बाई खो खो हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या.

काका तयारीनिशी गेले होते. गवंडी वापरतात तशी पाण्याची नळी लावून त्यांनी जुन्या आणि नव्या जागेतला फरक मोजून आणला होता. जुन्या खांबाशेजारचा फळ्यांच्या वाटेचा खुंट अजून चिखलात होता, त्यावरून जागा सापडली. फरक तीन फूट पाच इंच. प्रत्येक नोंदीत तेवढे मिळवले की झालं, त्यांचं म्हणणं. चौदा वर्षांच्या वह्या मी लाल शाईने दुरुस्त करून देतो, सुट्टीच्या दिवशी बसून देतो.

बाईंनी कागद पुढे ओढला आणि त्यांचं घोडं कुठे अडलंय ते शांतपणे दाखवलं. पट्टीवर एक फूट असेल तेव्हा एक अधिक तीन-पाच, ते ठीक. पण ज्या दिवशी 'कोरडे' लिहिलंय, त्या दिवशी पाणी पट्टीच्या खाली किती होतं? बोटभर खाली? की तीन फूट? की पार तळाशी? काका म्हणाले, पाणी होतं, मी डोळ्यांनी बघत होतो. बाई म्हणाल्या, किती होतं? काकांना सांगता येईना. त्या सत्तर दिवसांचा आकडा जगात कुठेच नव्हता. आणि नियम तळं बघत नाही, दहा वर्षांचा कागद बघतो. आज जाऊन पाणी दाखवलं तर ते आजचं पाणी. दुरुस्त केलेली वही लावली तरी सत्तर दिवस रिकामेच, आणि शंका असेल तर हंगामी, असं नियमात स्वच्छ लिहिलं होतं. आगीतून फुफाट्यात पडल्यासारखं काकांना झालं. कबुली दिली आणि तळंही गेलं, तर काय मिळवलं?

बाई नियमांची पुस्तिका चाळत राहिल्या. पुस्तिका बारीक अक्षरात होती आणि त्या प्रत्येक पान बोट ठेवून वाचत होत्या. काका समोर बसून स्वतःच्या बुटांकडे बघत होते. नवव्या कलमाशी बोट थांबलं. ते कलम ज्या तळ्यांची नोंदच कधी ठेवली गेली नाही त्यांच्यासाठी होतं. जिथे भरवशाची नोंद उपलब्ध नाही, तिथे नवी तीन वर्षांची नोंद होईपर्यंत जुनं संरक्षण कायम राहील.

बाईंनी ते दोनदा वाचलं आणि पुस्तिका काकांकडे फिरवली. अर्थ सांगायची गरज नव्हती, काकांना कळला होता. वही दुरुस्त केली तर तळं जातं. वहीच नव्हती असं ठरलं, तर तळं राहतं. म्हणजे काकांनी स्वतः अर्ज करायचा, की माझ्या चौदा वर्षांच्या नोंदी अग्राह्य धराव्यात. पाच हजारांहून जास्त सकाळी.

"पण बाई, आकडे खोटे नाहीत," काका म्हणाले. त्यांचा आवाज जरासा चढला होता. "एकही आकडा खोटा नाही. ज्या जागी पट्टी होती तिथलं तंतोतंत लिहिलंय."

"मला माहीत आहे, काका. आकडा खरा आहे. जागा खोटी आहे."

बाईंना काही वाटत नव्हतं असं नाही. त्यांनाही वाईट वाटत होतं, कारण त्यांचा जीवही त्या वह्यांवर होता. त्या म्हणाल्या की अर्ज मी लिहून देऊ शकते, पण सही तुमची लागेल, आणि सुनावणीत साहेबांसमोर बोलावंही तुम्हालाच लागेल. काकांनी कोरा कागद मागून घेतला. अर्ज त्यांनी स्वतःच लिहिला, त्याच सुवाच्य अक्षरात.

सुनावणी खालच्या मोठ्या खोलीत होती. लांब टेबल, भिंतीशी खुर्च्या, आणि पंखा इतका हळू की पाती मोजता येत होती. जमीन मंडळाचा माणूस नकाशाची गुंडाळी मांडीवर घेऊन बसला होता. बाईंनी अर्ज वाचून दाखवला. मोठ्या साहेबांच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही, कारण त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी अर्ज मागवून घेतला, स्वतः वाचला, आणि मग काकांकडे पाहिलं. किती पाहुण्यांना त्यांनी ते कपाट दाखवलं होतं, तो हिशेब त्यांच्या डोळ्यांत चाललेला दिसत होता. त्यांनी काकांना सांगितलं की अर्ज मान्य झाला तर सेवापुस्तकात ताशेरा येईल, तो पुसता येणार नाही. काका म्हणाले, कळलं.

जमीन मंडळाच्या माणसाने विचारलं, म्हणजे गेल्या चौदा उन्हाळ्यांत तिथे पाणी होतं की नव्हतं, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही? बाई म्हणाल्या, कागदावरून नाही. तो माणूस वाईट नव्हता. त्याला गोदामांसाठी जागा हवी होती, ती तो दुसरीकडे बघणार होता. त्याने नकाशा उलगडलाच नाही.

मग साहेबांनी विचारलं, "पट्टी का हलवलीत?"

काकांनी टिबुकल्यांचं सांगितलं. थंड अंड्याचंही सांगितलं. खोलीत सगळे मऊ झाले. साहेबसुद्धा. इथेच थांबले असते तर काका सगळ्यांच्या लेखी थोर माणूस ठरले असते, आणि चौदा वर्षं ते स्वतःच्या लेखी तसेच ठरत आले होते. पण त्या दिवशी एकदा तोंड उघडलं होतं, तर ते अर्ध्यावर बंद करायला त्यांना जमेना.

"पट्टी पक्ष्यांसाठी हलवली, साहेब. पण फॉर्म का भरला नाही, ते पक्ष्यांमुळे नाही. फॉर्म भरला असता तर क्रमांक पुन्हा एकपासून आला असता. तेव्हा सात हजारांच्या वर गेला होता. तो मोडायला माझं मन झालं नाही."

काकांचे कान लाल झाले होते. चारचौघांत कपडे काढल्यासारखं त्यांना वाटत होतं, आणि तरी छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, अर्जावर 'मान्य' लिहिलं आणि सही केली. मागचं तळं दुसऱ्या यादीतून निघालं, पहिल्या यादीत गेलं नाही, पण जुन्या कायद्याच्या पांघरुणाखाली तीन वर्षं राहिलं. तेवढं पुरेसं होतं. टिबुकलीला याद्या वाचता येत नाहीत.

चौदा वर्षांच्या वह्या टेबलावर आणून ठेवल्या गेल्या. कपाटातलीही आली. प्रत्येक पानावर 'अग्राह्य' असा शिक्का मारायचा होता. हे काम शिपायाचं. तो शिक्का घेऊन बसला आणि पहिल्याच पानावर काकांच्या अक्षरांवर आडवातिडवा दणका दिला. काका शेजारच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी दोन पानं सहन केली. तिसऱ्याला म्हणाले, आण इकडे. शिपाई आधी देईना, मग बाईंनी मान हलवली तसा त्याने दिला. काकांनी शाईची गादी जवळ ओढली, कोपऱ्यात पट्टीने एक बारीक खूण केली आणि उजव्या हाताला वरच्या बाजूला, समासापासून बोटभर आत, एकेका पानावर शिक्का मारत गेले. साडेतीनशेच्या वर पानं होती. दोन वेळा चहा आला आणि गार झाला. वह्या मिटल्या तेव्हा एकही शिक्का वाकडा नव्हता, आणि एकाही आकड्यावर शाई चढलेली नव्हती. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांना डोळे पुसायचे होते ते त्यांनी तिकडेच पुसले.

आता पट्टी परत खोल बाजूला न्यायची होती, आणि तीही टिबुकल्यांनी घरटी बांधायच्या आत. फॉर्म भरला, तीन सह्या झाल्या. काकांना काळजी होती ती वेगळीच. पुन्हा फळ्यांची वाट, पुन्हा रोजची पावलं, पुन्हा ती धांदल. त्यांनी बाईंना ते बोलून दाखवलं. बाईंनी विचारलं की पट्टीवरचे आकडे मोठे करून रंगवले आणि पायऱ्यांवरून दुर्बिणीने वाचले तर नियमाला काही हरकत आहे का? हरकत नव्हती. चौदा वर्षं, एक खोटी जागा, तीन तज्ज्ञांची मतं आणि एक ताशेरा, हे सगळं एका दुर्बिणीने वाचलं असतं. घरी येऊन त्यांनी हे काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या की मलाही सुचलं असतं, पण मला विचारलं कुणी? त्यावर दोघंही पोट धरून हसली.

खोल बाजूला वीतभर उंचीच्या काळ्या आकड्यांची नवी पट्टी उभी राहिली. जुन्या खिळखिळ्या फळ्या एकदाच टाकल्या आणि काम झाल्यावर उचलून नेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता काकांनी कोऱ्या वहीत क्रमांक एक लिहिला. वह्या पुढे कोण लिहिणार हे खात्याने अजून ठरवलं नव्हतं. तीन वर्षं पुरी करायला काका नोकरीत असणार नव्हते, त्यांना जेमतेम दोनशे सकाळी मिळणार होत्या. आश्चर्य म्हणजे त्याचं त्यांना फारसं दुःख होत नव्हतं. येईल त्याला दुर्बीण कशी धरायची ते दाखवू, एवढंच ते म्हणत.

मग उन्हाळा तापला. पायऱ्यांपाशी चिखल सुकून त्याला भेगा गेल्या. दर वर्षी याच सुमारास पहिल्यांदा 'कोरडे' लिहिलं जायचं. यादीवाल्या बाई त्या सकाळी मुद्दाम तळ्यावर आल्या. त्यांनी हे तळं इतकी वर्षं आलेखातच पाहिलं होतं. काकांनी त्यांना दुर्बीण दिली आणि कुठे बघायचं ते सांगितलं. आधी पट्टी दिसली. पाणी दोन फूट सात इंचांवर होतं. मग पट्टीच्या डावीकडे लव्हाळ्यांत एक ओल्या पानांचा ढीग दिसला आणि त्या ढिगावर बसलेली टिबुकली दिसली. ती कुणालाही न घाबरता, अंडी न झाकता, आरामात बसली होती. बाईंनी बराच वेळ दुर्बीण खाली केली नाही.

काकांनी नोंद लिहिली आणि शाई वाळायला वही पायरीवर उघडी ठेवली. बाईंनी वाकून पाहिलं. क्रमांक एक्केचाळीस होता. बारा हजारांवरून एक्केचाळीसवर आलेल्या माणसाला काय वाटतं हे विचारावं की नाही, या विचारात त्या पडल्या, आणि मग त्यांनी विचारलंच.

काकांनी वहीकडे पाहिलं.

"कमी आहेत, बाई," ते म्हणाले. "पण एक्केचाळीसच्या एक्केचाळीस खऱ्या जागेवरच्या आहेत."

मग त्यांनी वही मिटली, दुर्बिणीची काच शर्टाच्या टोकाने पुसली, आणि दोघंही आवाज न करता पायऱ्या चढून वर आली.